शेतकरी गटातली आमची जोडी

आमच्याकडे बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, नुसतं पट म्हटलं तरी कळतं. सरळ धावपट्टी असते. हलक्या छकडीला जोडी जुंपायची, झेंडी पडली की सोडायची आणि दुसऱ्या टोकाला घड्याळ बंद व्हायचं. वळण नाही की डावपेच नाहीत. तुम्ही तंबाखू मळायला खाली मान घातली तर वर पाहीपर्यंत खेळ संपलेला असतो.

पण पट पाहून आलेल्या कुणालाही विचारा, शेतकरी गट कधी धावला? त्याला सांगता येणार नाही, कारण तेव्हा तो भज्यांच्या गाड्यावर होता. सकाळी हारतुरे आणि भाषणं होतात, मग मोठ्या गटातल्या नावाजलेल्या जोड्या धावतात, आणि संध्याकाळी त्यांच्याच शेवटच्या फेऱ्या असतात. मधल्या भर उन्हात पाहुणे मंडळी जेवायला बसली की जागा भरायला आम्हाला काढतात. आम्ही म्हणजे वर्षभर वखराला आणि तिफणीला जुंपलेले बैल आणि त्यांना हाकणारी त्यांच्याच घरची माणसं. मला याचा फार राग यायचा. पेरणीच्या वेळी या नावाजलेल्या जोड्या कुठे असतात, असं मी घरात बडबडायचे. नवरा म्हणायचा, पंख्याखाली असतात, तू भाकरी टाक.

आमच्या गटाचे नियम मात्र मोठ्या गटापेक्षा कडक होते. बैल कामाचे पाहिजेत. जोडी एकाच घरची पाहिजे, नाहीतर लोक शेजाऱ्याचा पळणारा बैल उसना आणतात. हाकणारा घरचाच पाहिजे. काठी नाही, टोचायची आर नाही, नुसत्या आवाजावर पळवायचं. आणि सगळ्यात गमतीचा नियम असा की, ठरवलेल्या सेकंदांपेक्षा जोडी लवकर पोचली तर बाद. मागे कुणीतरी पटाचीच जोडी शिंगांना चिखल फासून आमच्या गटात घुसवली होती, तेव्हापासून हा नियम आला. म्हणजे हळू पळालात तर हरलात, आणि फार जोरात पळालात तर चोर ठरलात.

आता त्या "एकाच घरची" या शब्दांपाशी माझी गोची होती, आणि ती सांगायची तर वाटणीपासून सांगावं लागेल.

मोऱ्या आणि लाल्या हे दोघं बैल एकत्र घरातले. सासऱ्यांनी गोऱ्हे असतानाच एका बाजारातून आणलेले, एका दावणीला वाढलेले. पुढे सासरे गेले आणि वाटणी निघाली. वावराचे दोन भाग झाले, भांड्यांचे झाले, विहिरीच्या पाळ्या ठरल्या. एकानं जोडी घ्यावी आणि दुसऱ्यानं बैलगाडी आणि पाण्याची मोटर, असं चार शहाण्या माणसांनी सांगून पाहिलं. मी म्हणाले, जोडी आम्हाला. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, जोडी आम्हाला. दोघींपैकी एकही हटेना. शेवटी मोऱ्या आमच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, आला आणि लाल्या त्यांच्या कोठ्यात गेला. एका बैलानं वखर चालत नाही हे दोन्ही घरांतल्या लेकरांनाही ठाऊक होतं. तरी आम्ही भांडून वेगळे झालो, आणि पहिल्याच पेरणीला एकमेकांच्या दारात बैल मागायला गेलो. इतकी बिनडोक वाटणी सातपुड्याच्या पायथ्याला दुसरी झाली नसेल.

मग सावड सुरू झाली. एक बैल तुझा, एक माझा, दोन्ही वावरं मिळून करायची. पुरुष माणसं दिवसभर एकत्र राबायची आणि संध्याकाळी बैल आपापल्या कोठ्यात जायचे. आम्ही दोघी मात्र बोलत नव्हतो. म्हणजे जाऊबाई बोलायच्या, पण लाल्याशी. मला ऐकू जाईल इतकी मी जवळ असले की त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणायच्या, "खाय रे बाप्पा. आपलं कुटार आपल्याले बरं. लोकाइच्या ढेपीची आशा कायले?" लाल्या बिचारा भुसा चघळत मान हलवायचा. मीही मोऱ्याशी बोलून उत्तर द्यायचे. गावातल्या बाया विहिरीवर थांबून ऐकायच्या.

थोरले दीर अचानक गेले तेव्हा मी त्यांच्याकडे जाऊन बसले, पोळ्या केल्या, भांडी घासली. दिवस झाले आणि पुन्हा जैसे थे. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत. तो दर फोनला सांगायचा, वावर मक्त्यानं दे, बैल विकून टाक आणि इकडे ये. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाऊबाई फोनवर बोलायच्या, त्यामुळे मला सगळं कळायचं. या हिवाळ्यात त्यांनी पहिल्यांदा "पाहू" म्हटलं. आठ दिवसांनी बैलांचा व्यापारी येऊन लाल्याचे दात पाहून गेला.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. लाल्या गेला की मोऱ्या एकटा. त्याला जोड शोधायची तर वयानं, उंचीनं, चालीनं जुळणारी पाहिजे, आणि इतक्या वर्षांची सवय असलेला बैल दुसऱ्याबरोबर धड चालत नाही. एकटा उरलेला बैल मग बाजाराचीच वाट धरतो. मोऱ्याला मी आजारपणात हातानं गुळाचं पाणी पाजलेलं आहे. आणि खरं सांगायचं तर जाऊबाई पुण्याला जाणार याचंही मला वाईट वाटलं. भांडायला माणूस राहिलं नाही तर मी मोऱ्याशी काय बोलणार?

पटाची कल्पना सुचली ती वावरातून येताना. नवरा मोटरसायकलवरून घसरला होता आणि त्याचा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे महिनाभर बैलगाडी मीच हाकत होते. गाडी रिकामी होती. पांदण रस्ता संपून आमचं आवार दिसायला लागलं आणि दोघं असे सुटले की मी गाडीच्या दांड्याला धरून बसले. जाऊबाई दारात उभ्या राहून रोजच्यासारखं लाल्याला हाक मारत होत्या, "ये रे बाप्पा, ये, ये, ये." मला वाटलं, घरची ओढ आणि पोटातली भूक. पण असे पळणारे बैल पटात उतरले आणि नंबर आला, तर जाऊबाई लाल्याला विकायच्या नाहीत. मी उतरले, धापा टाकत तशीच त्यांच्यासमोर गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बैलांना मध्ये न घालता बोलले.

"बाई, या पटात जोडी उतरवाव म्हणून राह्यली मी. शेतकरी गटात."

"तुह्या मोऱ्याले उतरव."

"एकट्याले कसं उतरवू?"

त्यांनी लाल्याकडे पाहिलं. "पाह्य रे बाप्पा. काम पडलं का लोकाइले तुही आठवण येते." मग बराच वेळ त्या त्याच्या गळ्याखाली खाजवत राहिल्या. मी हटले नाही तेव्हा म्हणाल्या, "नंबर आला त ठेवीन बैल. नाई आला त सोमवारी व्यापारी येऊन राह्यला, त्याच्या हाती दोर देईन. मंग रडजो नोको."

"हाव," मी म्हणाले.

पट रविवारी होता, सोनाळ्याच्या अलीकडच्या एका मोठ्या गावात. दोघं बैल, छकडी, प्लास्टरवाला नवरा, मी आणि मांडीवर सरकीच्या ढेपीची टोपली घेतलेल्या जाऊबाई, असे एका टेम्पोतून गेलो. त्या शर्यतीला नव्हत्या आल्या. लाल्या लंगडत तर नाही ना, एवढंच पाहायला आल्या होत्या, हे त्यांनी टेम्पोवाल्याला दोनदा सांगितलं.

मोठ्या गटाच्या जोड्या मांडवात उभ्या होत्या. अंगावर झुली, खाली गादीसारखं पसरलेलं तणस, समोर फिरता पंखा. एका बैलाला एक माणूस सोललेले बदाम भरवत होता. त्यांचे धुरकरी, म्हणजे हाकणारे, काळे गॉगल लावून हिंडत होते. आमचा मोऱ्या त्या पंख्याकडे असा पाहत राहिला की मला त्याची दया आली. ओढणी कमरेला घट्ट बांधून मी नाव सांगायला गेले, तर टेबलावरचा माणूस नम्रपणे म्हणाला, "ताई, महिला गट उद्या हाय."

"उद्या मले वेळ नाई. उद्या हरभरा सोंगाचा हाय. शेतकरी गटात घ्या."

"जोडी घरचीच ना?"

"घरचीच," मी म्हणाले, आणि मागे वळून पाहिलं नाही.

आमचा पुकारा झाला तेव्हा अंदाजाप्रमाणे अर्धं मैदान भज्यांकडे गेलं होतं. एका वेळी एक जोडी सोडत होते. आमच्या आधीची एक जोडी मधेच थांबून बांधावरचं गवत खायला लागली. दुसरीतल्या एकाला पळायचं होतं आणि दुसऱ्याला बसायचं. लोक हसत होते, पण वाईट हसत नव्हते, आणि मला पहिल्यांदाच तो गट आवडला. तिथे प्रत्येक जण आपापल्या बैलाची समजूत काढत होता.

मी छकडीवर गुडघे टेकून बसले. कासरा हाताला गुंडाळायचा नाही, असं नवऱ्यानं शंभरदा बजावलं होतं. झेंडी पडली. "हं चला," मी ओरडले, आणि दोघं निघाले ते अगदी बेताबेतानं. वावरात निघतात तसेच. मला रडू यायची वेळ आली. आता संपलं, सोमवार आला, असं मनात आलं, आणि तेवढ्यात धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून, घड्याळाच्याही पलीकडून, बाभळीच्या सावलीतून आवाज आला.

"ये रे बाप्पा, ये, ये, ये."

लाल्यानं कान टवकारले. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. माती तोंडात गेली, ओढणी सुटली, कुणाचा तरी पत्रा वाजल्यासारखा आवाज होत राहिला तो आमच्याच चाकांचा होता. थांबलो ते थेट जाऊबाईंच्या टोपलीपाशी, आणि लाल्याचं तोंड ढेपीत होतं. जाऊबाई उभ्या होत्या. पदर खांद्यावरून घसरला होता, चेहरा लालभडक. माझं लक्ष गेलं तसा त्यांनी पदर सावरला आणि दुसरीकडे पाहायला लागल्या.

माझ्या आनंदाला सीमा नव्हती. भज्यांवरची माणसं धावत आली. लाउडस्पीकरवाल्यानं वेळ सांगितली आणि पाठोपाठ, त्याच आवाजात, "जोडी बाद" असंही सांगितलं. ठरवलेल्या सेकंदांच्या आत आलो होतो. आमच्याच गटातला एक जोडीवाला पंचांपुढे हातवारे करत होता. "हे पटाचे बैल हायत. बाईले पुढं करून आणले. वखराच्या बैलाची अशी धाव असते काय?"

मुख्य पंच म्हातारे होते, शांत होते. त्यांनी दोन्ही बैलांच्या मानेवर, जू टेकतं तिथे, हात फिरवून पाहिला. घट्टे होते, चांगले जुने होते. "घट्टा त हाय," ते म्हणाले. "छकडीचा का वखराचा, हे मात्र हातानं कळत नाई." मग त्यांनी धावपट्टीशेजारच्या वावराकडे पाहिलं. सोयाबीन काढून ते रिकामं पडलं होतं आणि बांधाला एक वखर उभा होता. "वखराचे दोन फेरे मारून दाखवा. पटाचा बैल वखराले सरळ चालत नसतो. सरळ चालले त गटात ठेवतो."

आजवर कधी पटातल्या बैलांना हळू चालून दाखवा म्हणून कुणी सांगितलं असेल, असं मला वाटत नाही. सगळं मैदान बांधावर येऊन उभं राहिलं. मोठ्या गटाचे गॉगलवाले धुरकरीही आले. शेतकरी गटाला एवढी गर्दी त्या दिवशी पहिल्यांदाच लाभली.

मी वखर धरला. मोऱ्या आपल्या चालीनं निघाला, पण लाल्याच्या अंगातलं वारं उतरलं नव्हतं. तो पुढे ओढायचा, मग मोऱ्या बिचकायचा, मग वखर उचलला जायचा. मागे पाहिलं तर माझी रेघ नाल्यासारखी वाकडी गेलेली. लोक हसले. मी लाल्याला गोंजारलं, दम दिला, शेवटी शिव्याही दिल्या. त्याला माझा आवाज म्हणजे शेजारणीचा आवाज. पंच मान हलवायला लागले.

"सरक," कुणीतरी माझ्या हातातून वखराचा दांडा काढून घेतला. जाऊबाई होत्या. त्यांनी नऊवारीचा काष्टा आवळला, चपला बांधावर काढल्या आणि त्या नेहमीच्या खालच्या आवाजात बोलायला लागल्या. "हळू रे बाप्पा. हळू. दिस पडला हाय सारा. कोठी जाचं हाय आपल्याले?" लाल्यानं एक मोठा श्वास सोडला. मी मोऱ्याच्या बाजूनं चालायला लागले, त्याला माझा आवाज लागतो म्हणून. जाऊबाई लाल्याशी बोलत होत्या, मी मोऱ्याशी, आणि दोघं मधे दोरी बांधल्यासारखे सरळ गेले, वळले आणि सरळ परत आले. भांडणासाठी शिकलेली ही विद्या अशी उपयोगी पडेल हे आम्हा दोघींच्या स्वप्नातही नव्हतं.

बांधावर कुणी हसलं नाही. पंच जवळ आले. "कामाचेच हायत," ते म्हणाले, आणि मला हायसं वाटायच्या आत त्यांनी जाऊबाईंना विचारलं, "पण बाई, एक सांगा. लाल बैलाले तुमचा आवाज समजते, दुसऱ्याले ह्या बाईचा. बैल दोन घरचे हायत काय?"

खोटं मी बोलले होते, आणि ते उघडं पाडायला त्यांना एक शब्द पुरला असता. लाल्या सोमवारी गेला असता, त्यांचं काही बिघडणार नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वखराच्या दांड्यावर हात ठेवून त्या वावराकडे पाहत राहिल्या, जिथे दोन फेऱ्यांची ताजी माती वर आली होती.

"घर एकच हाय," त्या म्हणाल्या. "चुली दोन हायत."

पंच हसले. बांधावरची म्हातारी माणसंही हसली, कारण अशी घरं तिथे प्रत्येकाच्या माहितीची होती. जोडी गटात ठेवली.

शेवटच्या फेरीचं काय सांगू? नंबरासाठी तीच फेरी धरायची होती. झेंडी पडली, मी ओरडले, आणि मोऱ्या-लाल्यांनी ठरवून टाकलं होतं की आता वखरपाळी सुरू झाली आहे. ते रमतगमत निघाले. मी समोर पाहिलं. जाऊबाई बाभळीखाली उभ्या होत्या आणि त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. पुन्हा हाक मारली तर पुन्हा बाद करतील, या भीतीनं त्या बाईनं श्वासही रोखला असावा. आम्ही सरळ रेषेत, शांतपणे पोचलो, आणि आमची वेळ सगळ्यांत जास्त भरली. लाउडस्पीकरवाला म्हणाला, जोडी कामाची आहे याबद्दल आता कुणाला शंका नसावी. मैदानानं टाळ्या वाजवल्या, आणि मी छकडीवर बसून हसत होते की रडत होते ते मलाच कळेना.

परतीच्या टेम्पोत नवरा पुढे बसला आणि आम्ही दोघी मागे, बैलांपाशी.

"नंबर नाई आला," मी म्हणाले. कबूल केलेलं ते कबूल.

"मले दिसलं ते." मग लाल्याच्या पाठीवरची माती झटकत, "कासरा ओढून धरला तू शेवटी. बैल कसा पळन?"

"तुम्ही आवाज काऊन नाई देल्ला?"

"बाद केलं असतं ना वं त्याईनं."

मला हसू फुटलं. त्यांनी तोंड वळवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. ढेपीच्या टोपलीत तळाशी उरलं होतं ते त्यांनी दोन वाटे करून दोघांपुढे धरलं. मोऱ्याला त्यांच्या हातून खाताना मी वाटणीनंतर पहिल्यांदा पाहिलं. पण सोमवारबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सकाळी शेण काढायला म्हणून मी त्यांच्या आवाराकडे बघत बघत मागच्या दारानं बाहेर आले, तर त्यांचा कोठा रिकामा. दोरही नाही. मी तिथेच उभी राहिले. व्यापारी उजाडायच्या आत येऊन गेला, असंच वाटलं. हातातली टोपली तशीच घेऊन आमच्या कोठ्यात शिरले, निदान मोऱ्याला तरी मिठी मारावी म्हणून.

मोऱ्याशेजारी लाल्या बांधलेला होता. दोघं एकाच गव्हाणीत तोंड घालून कुटार खात होते, पूर्वी खायचे तसे, लाल्या डावीकडे आणि मोऱ्या उजवीकडे. आणि आमच्या ओट्यावर जाऊबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

एवढ्यात व्यापाऱ्याची मोटरसायकल त्यांच्या दाराशी थांबली. त्यानं हाक मारली, आत डोकावला, मग आवार ओलांडून आमच्याकडे आला.

"बाई, बैल कोठी हाय?"

"घरी हाय," जाऊबाई म्हणाल्या, आणि मेथीची दुसरी जुडी सोडली.

त्यानं त्यांच्या रिकाम्या कोठ्याकडे पाहिलं, मग आमच्या गव्हाणीकडे पाहिलं. थोडा वेळ डोकं खाजवलं आणि परत जाऊन गाडीला किक मारली. मी आत गेले आणि उकळत्या चहात आणखी एक कप पाणी ओतलं.